खाजणावरचं नाव

कुमुदवन्सं गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाल सोलत बसले होते. दुसऱ्या दिवशी त्या डहाणूला आमच्याकडे यायच्या होत्या, आणि वन्सं येणार म्हणजे बिरडं हवंच. नाही केलं तर तोंडाने काही म्हणायच्या नाहीत, पण भाताकडे अशा बघायच्या की मलाच अपराधी वाटावं. फोन जानकीचा होता. झाईला खाडीच्या काठावर जानकीचं घर आहे, मासळी विकते ती, आणि तिच्या घराची मागची खोली वन्संनी निवृत्तीनंतर भाड्याने घेतली होती. दुपारी जेवून आडव्या झाल्या, चहाला हाक मारली तर उठल्याच नाहीत, एवढंच ती कसंबसं बोलली. माझे यजमान म्हणजे वन्संचे धाकटे भाऊ. रेल्वेत आयुष्य गेलं त्यांचं, फोनची घंटा कशी वाजली यावरूनसुद्धा त्यांना बातमी कळते. मी काही सांगण्याआधीच त्यांनी चष्मा काढून ठेवला... सोललेले वाल शेवटी शेजारणीने नेले असावेत. मला आठवत नाही.

गेलेल्या माणसाविषयी शांतपणे लिहावं असं म्हणतात. मी दोन-तीनदा तसा प्रयत्न करून पाहिला. जमत नाही. कारण वन्संच्या तेराव्याची पंगत उठते न उठते तोच दारात एक मोठी गाडी उभी राहिली आणि त्यातून एक पुढारी उतरले. नाव घेत नाही, शेठ म्हणते. सगळेच त्यांना शेठ म्हणतात. पांढरा शर्ट, चेहरा पाडलेला, हातात हार. वन्संच्या फोटोला हार घातला, डोळे पुसले, आणि खुर्चीत टेकता टेकता विषय काढला. झाईला खाडीकाठी त्यांनी जे उद्यान बांधायला घेतलंय, त्याला 'कुमुदबाई नदीकाठ उद्यान' असं नाव द्यायचं ठरतंय. घरच्यांचा होकार हवा आणि कमानीवर लावायला बाईंचा एखादा चांगला फोटो हवा. हार घातलेला नको म्हणाले, हसरा हवा. आमच्या ह्यांना तर गहिवरून आलं. मी वाढप्याच्या हातातला डाव घेऊन स्वयंपाकघरात गेले, नाहीतर तो शेठच्या टाळक्यात बसला असता.

हा राग समजायचा तर वन्सं आणि ती नदी दोघींची ओळख करून द्यायला हवी. नदीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की लगेच कुणीतरी साहेब खुलासा पाठवतो की असं काही घडलेलंच नाही. तलासरीच्या पूर्वेच्या डोंगरात ती उगम पावते आणि झाईच्या बाजूला खाडी होऊन समुद्राला मिळते, एवढं पुरे. फार मोठी नाही. उन्हाळ्यात वरच्या अंगाला तर पात्रात नुसते दगड आणि मधे मधे डोह. पाहुणे आले की म्हणायचे, ही कसली नदी! वन्सं त्यांना तिथल्या तिथे झापायच्या. नदी वाळूखालून चालली आहे, तुम्हाला दिसत नाही हा तुमच्या डोळ्यांचा दोष, असं एकदा त्यांनी माझ्या मामेसासऱ्यांना सुनावलं होतं. मामा पुन्हा डहाणूला आले नाहीत. मला त्याचं दुःख झालं नाही.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा वन्सं रोज एस.टी.ने तलासरीला शाळेत जायच्या. भूगोल शिकवायच्या. लग्न केलं नव्हतं, आणि का नाही केलं असं विचारायची हिंमत सासूबाईंचीही नव्हती. संध्याकाळी त्या ओसरीवर वह्यांचा गठ्ठा घेऊन बसायच्या आणि थोड्या वेळात आत मला त्यांचं पुटपुटणं ऐकू यायचं, मग ओरडणं. एकदा मी चहा घेऊन गेले तर त्यांनी वह्या माझ्यापुढे एकेक करून उघडून धरल्या. 'नदीचे चित्र काढून उगम व मुख दाखवा' असा प्रश्न होता. झाडून सगळ्या पोरांनी दोन टोकदार डोंगर काढले होते, डोंगरांच्या माथ्यावर पांढरा बर्फ, मधे सूर्य, आणि बर्फातून निघालेली निळी नदी. तलासरीच्या पाड्यांवरची पोरं ती. ज्यांच्या घराच्या मागे सागाचा डोंगर, ज्यांची आई त्याच डोंगरातल्या झऱ्यावर हंडा भरते, त्यांनी कधी न पाहिलेला बर्फ काढला होता, कारण पुस्तकात नदी बर्फातून निघते. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी विचारलं म्हणे, की आपल्या डोंगरावर बर्फ कुणी पाहिला? मग मागच्या बाकावरून एका मुलीने हळूच उलट विचारलं, "बाय, मग आपली नदी खरी नाय काय?"

हे सांगताना वन्सं हातातली वही आपटत होत्या. रागाने. मुलीवरचा राग नव्हता तो. ज्या पोरीचं सगळं घर एका नदीवर जगतं, तिला ती नदी खोटी वाटावी असं शिकवणाऱ्यांवरचा होता. त्याच वर्षापासून त्यांनी मुलांना नदीबरोबर चालवायला सुरुवात केली. दिवाळीची सुट्टी संपली, पाणी ओसरलं, भातं कापून झाली की वर्ग निघायचा. उगमापासून मुखापर्यंत. काही टप्पे पायी, काही टेम्पोत, मुक्काम वाटेवरच्या शाळांमध्ये. निवृत्त होईपर्यंत एक वर्ष चुकलं नाही.

एका वर्षी त्यांनी मलाही ओढून नेलं. स्वयंपाकाला बाई हवी हे कारण सांगितलं, पण खरं कारण असं की मी डहाणूला नळाखाली भांडी घासता घासता म्हटलं होतं, नदीत काय बघायचंय एवढं. चढणीवर माझे गुडघे बोलायला लागले आणि मी कुरकुरले, तर मागे वळून म्हणतात कशा, "शैले, तू पोळ्यांचा डबा उचललायस, डोंगर नाही." शेवटच्या पाड्याच्या मागे एका उंबराखाली ओलसर खळगा होता, तो उगम. मी धबधबा असेल म्हणून नवी साडी नेसले होते! दगडाखालून बोटाएवढी धार येत होती, तीही गुपचूप. पोरांचे चेहरे पडले. पण त्या पाड्याची रीत अशी की नव्या भाताची पहिली मूठ झऱ्यावर ठेवल्याशिवाय कुणी नवं खात नाही, आणि ती मूठ ठेवायला पाड्यातली सगळ्यात म्हातारी बाई येते. वन्सं तिच्यासाठी थांबायच्या. म्हातारी सावकाश यायची, तांदूळ ठेवायची, पाण्याला हात लावून कपाळाला लावायची, आणि मगच वन्सं पोरांना पुढे सोडायच्या. त्यावर त्या काही भाषण द्यायच्या नाहीत. पोरं आपोआप चपला काढायची.

तिथून खाली उतरताना नदी हळूहळू अंग धरत जाते. आधी दोन ओहोळ येऊन मिळतात, मग बांबूच्या बेटांमधून वळणं घेते, मग भातखाचरं, ताडाची झाडं, धरणाचं अडवलेलं पाणी आणि धरणाखालचं रोडावलेलं पात्र. मुंबई-अहमदाबाद हायवेच्या पुलाखाली ती पहिल्यांदा घाण होते. वरून येणारे जाणारे पिशव्या भिरकावतात, ढाब्यांचं सांडपाणी, टँकर धुतलेलं काळं पाणी. वन्सं पोरांना पुलाखाली उभं करून नाक दाबू देत नसत. बघा, वास घ्या, हीसुद्धा तीच आहे जिच्यापाशी सकाळी तुम्ही चपला काढल्या होत्या, असं म्हणायच्या. मग चिकूच्या वाड्या लागतात, हवेला खारा वास येतो, आणि एका ठिकाणी त्या सगळ्यांना थांबवायच्या. पाणी चाखायला लावायच्या. पुढे पन्नासएक पावलं गेलं की पुन्हा चाखायला लावायच्या. आधी गोडं, नंतर मचूळ. भरती तिथपर्यंत येते. नदी समुद्राला जाऊन मिळते हे पुस्तकात असतंच, पण समुद्रही रोज नदीला भेटायला आत येतो, हे पोरांना जिभेवर कळायचं.

खाडीच्या दोन्ही अंगाला जी चिखलाची, तिवरांच्या खारफुटीची सपाट जमीन असते तिला आमच्याकडे खाजण म्हणतात. बघणाऱ्याला ती पडीक वाटते. वन्सं तिथे पोरांना बसवून शेवटचा धडा घ्यायच्या. पावसात डोंगराचं पाणी खाली धावतं आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला समुद्र वर चढतो. दोन्ही पाणी एकाच वेळी आलं की त्यांना पसरायला जागा हवी. घरात लग्न असलं की पाहुण्यांना ओसरी लागते की नाही? तशी ही नदीची ओसरी. ती भरून टाकलीत तर पाहुणे परत जात नाहीत, तुमच्या माजघरात शिरतात. हे त्या इतक्या वेळा सांगायच्या की मलाही पाठ झालं होतं.

आणि या बाईला काय मिळालं? ऐका. बाहेरच्या एका परीक्षेत त्यांच्या वर्गातल्या मुलीने नदीचं चित्र काढलं. उंबर, झरा, धरण, पूल, खाजण, सगळं जागच्या जागी. तपासणाऱ्या गुरुजींनी त्यावर लाल फुली मारली, उगम चुकला म्हणून. वन्सं पदर खोचून त्यांच्याकडे गेल्या. ते म्हणाले, पुस्तकात आहे तसं हवं, गावागावाच्या नद्या कुठे शोधत बसणार? वन्संनी त्यांना तिथेच काय ते सुनावलं, आणि परिणाम असा की उद्धटपणाबद्दल समज वन्संनाच मिळाली. मुलीला एक गुणही वाढवून मिळाला नाही. ती मुलगी आज तलासरीत दोन पोरांची आई आहे. तेराव्याला आली होती. मला म्हणाली, त्या दिवशी बाई माझ्या घरी आल्या आणि चित्र बरोबर आहे असं माझ्या आईला सांगून गेल्या.

निवृत्तीनंतर त्या आमच्याकडे राहतील असं आम्ही धरून चाललो होतो. मी त्यांच्यासाठी पुढची खोली झाडून ठेवली. तर वन्संनी झाईला जानकीची खोली बघितलेली! मी रागावले, बोलले, आठवडाभर अबोला धरला. त्यांनी शांतपणे ट्रंक भरली. आयुष्यभर पोरांना शेवटापर्यंत आणून सोडलं, आता मी स्वतः शेवटाशी राहून बघते, असं त्या ह्यांना म्हणाल्या. सुरुवातीची वर्षं सुखाची गेली. मग खाजणावर शेठचे डंपर यायला लागले. आधी कुठल्या कुठल्या पाडलेल्या इमारतींचा राडारोडा, मग त्यावर लाल मुरूम. तिवरं रातोरात नाहीशी झाली. तिवर तोडायला बंदी आहे हे पोरालाही माहीत आहे, पण विचारायला गेलं की प्रत्येक कचेरी दुसऱ्या कचेरीकडे बोट दाखवते. वन्सं सत्तरीच्या बाई, छत्री टेकत टेकत एकेका टेबलापुढे उभ्या राहिल्या. शेवटी थेट शेठकडे गेल्या. जानकी सोबत होती, म्हणून मला शब्द न् शब्द माहीत आहे. शेठने खुर्ची दिली, सरबत दिलं आणि म्हणाला, "बाई, शाळेत शिकवलात तेवढा भूगोल पुष्कळ झाला. आता आम्हाला शिकवू नका."

वन्सं सरबत न पिता उठून आल्या. त्या पावसाळ्यात पहिल्याच मोठ्या उधाणाला जानकीच्या घरात पाणी शिरलं. तिच्या जन्मात कधी शिरलं नव्हतं. सुकवून ठेवलेली मासळी भिजली, तांदूळ गेला, टीव्ही गेला. आजूबाजूच्या घरांचीही तीच गत. शेठची माणसं येऊन ब्लँकेटं वाटून गेली, आणि प्रत्येक ब्लँकेटबरोबर एक फोटो काढून गेली. वन्संनाही ब्लँकेट द्यायला आले होते. त्यांनी काय केलं असेल ते सांगायला नको.

तर अशा माणसाला त्या भरावावर वन्संचं नाव हवं होतं! जिवंतपणी जिला दारातून परत पाठवलं, ती मेल्यावर कमानीवर हसरी हवी. का, तर उद्या कुणी खाजणाबद्दल बोललंच तर सांगता येईल, अहो, त्या नदीवाल्या बाईंचंच तर स्मारक आहे. मेलेलं माणूस तक्रार करत नाही, हा केवढा सोयीचा भूगोल! मी ह्यांना हे सगळं सांगितलं. एकदा नाही, रोज. पण हे भाऊ होते ना. ताईला आयुष्यात कुणी मान दिला नाही, आता देतायत तर आपण आडवं का यायचं, असं त्यांचं म्हणणं. आपल्यामागे तिचं नाव घेणारं कोण आहे? मूल ना बाळ. कमानीवर राहील तरी. त्यांचं दुःख मला कळत होतं, म्हणून तर जास्त संताप यायचा. शेठने नेमकं तिथेच बोट ठेवलं होतं. मला न विचारता ह्यांनी फोनवर होकार देऊन टाकला. आम्ही दोघं एका घरात राहून दोन दिवस परक्यासारखे वागलो.

फोटो झाईला वन्संच्या ट्रंकेत होता. खोलीही रिकामी करायची होती, म्हणून गेलो दोघं. ती अमावास्या होती हे आमच्या दोघांच्याही ध्यानात नव्हतं. पोचलो तेव्हा बारा वाजत आले होते. जानकीने दार उघडलं, पाणी दिलं आणि म्हणाली, पाय वर घेऊन बसा, आता येईल. काय येईल, असं ह्यांनी विचारलं. ती म्हणाली, खाडी. आणि तिने मागचं दार सताड उघडून ठेवलं. वन्सं असंच करायच्या म्हणे. बाकीची घरं उधाणाला फळ्या लावतात, गोणपाटं कोंबतात. वन्सं दार उघडायच्या. तिला कुठे जागा ठेवलीय का कुणी, मग इथे नाही येणार तर कुठे जाणार, असं म्हणायच्या आणि पलंगावर मांडी घालून पुस्तक वाचत बसायच्या.

पाणी आलं. आवाज न करता, उंबऱ्यावरून, गढूळ तांबडं. पलंगाखाली विटा रचलेल्या होत्या त्यांना लागलं, ट्रंकेला लागलं. भिंतीवर आधीच्या पाण्याच्या ओल्या रेघा होत्या, त्यांच्यावर मीठ फुललेलं होतं. हे हातात फोटो घेऊन उभे होते. वन्सं त्यात हसत होत्या खऱ्या. पाणी ह्यांच्या घोट्याच्या वर आलं, पँट भिजली, तरी हलेनात. त्यांनी जानकीला विचारलं, ताई होती तेव्हाही एवढंच पाणी यायचं? जानकीने मान हलवली. शेवटच्या पावसाळ्यात तर पलंगावरून उतरताच यायचं नाही म्हणाली... मागच्या दारातून उद्यानाची नवी भिंत दिसत होती, तिच्यावर चमकणाऱ्या रंगात माडाची झाडं काढलेली होती. ह्यांनी ती पाहिली. मग त्याच पाण्यात उभं राहून त्यांनी शेठला फोन लावला. पलीकडून नमस्कार-चमत्कार चालला असावा. ह्यांनी तो संपू दिला आणि म्हणाले, "माझ्या बहिणीचं नाव तुमच्या भिंतीवर दिसलं, तर मी स्वतः हातोडा घेऊन येईन."

रेल्वेत पस्तीस वर्षं वरिष्ठांना 'हो साहेब' म्हणणारा हा माणूस. मी त्यांच्या हातातला फोटो घेतला आणि पदराने पुसला.

आता तुम्ही म्हणाल, जिंकलात. कसलं जिंकलो? आठवड्याभरात शेठला दुसरं नाव मिळालं. कुणा एका सज्जन वृद्धांचं, त्यांच्या मुलांनी आनंदाने दिलं. कमान उभी राहिली, फीत कापली गेली, कारंजं उडतंय. भराव तिथेच आहे. खाजण गेलं ते गेलं. मी ज्याला त्याला हे सांगत असते, आणि लोक मला म्हणतात, वहिनी, आता सोडा ना. का सोडू? तिवरं माझ्या म्हणण्याने उगवणार नाहीत हे मलाही कळतं. पण राग सोडला तर मग वन्संचं आमच्याकडे राहिलं काय?

खोली आम्ही रिकामी केली नाही. जानकीने भाडं नको म्हटलं, तेव्हा ह्यांनी दर महिन्याला तिच्याकडून मासळी घ्यायला सुरुवात केली, लागते त्यापेक्षा जास्त. अमावास्येला आणि पौर्णिमेला मी झाईला जाते. दार उघडून पलंगावर बसते. खाडी येते, खोलीभर फिरते, आणि ओहोटी लागली की निघून जाते. मागे चिखल ठेवते, आणि त्या चिखलात दर वेळी लाल मुरूम असतो, भरावातून सुटून आलेला. मी तो खराट्याने एका कोपऱ्यात लोटते, घमेल्यात भरते आणि उन्हातान्हाची उद्यानाच्या कमानीखाली नेऊन ओतते. पहिल्या खेपेला तिथला चौकीदार धावून आला. ओ बाई, इथे कसला कचरा टाकता म्हणून ओरडला. मी म्हटलं, तुमचाच आहे, आमच्या घरात आला होता, परत करायला आले. त्याने घमेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आता मी येताना दिसले की तो स्टूल उचलून बाजूला होतो.